होळीचा खाडा

फाल्गुन लागला की नाशिक-पुण्याच्या हॉटेलांत मोरीवरची माणसं कमी होऊ लागतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची पोरं होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारासाठी गावी निघालेली असतात. इकडे हजेरीच्या सॉफ्टवेअरवर त्यांच्या नावापुढे लाल खुणा पडत जातात. कंपनीने ठरवलेले दिवस उलटले की शेरा येतो: फरार. मग राहिलेला पगार अडकतो.

सणाला आईबापाकडे गेलेला माणूस फरार कसा?

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहायला आपण कॅमेरे घेऊन जातो. तिथे बुध्या, बावा अशी सोंगं घेऊन नाचणारे कित्येक दिवस व्रत पाळतात. सातपुड्यातल्या माणसाचा वर्षातला सगळ्यात मोठा सण तो, दिवाळीपेक्षाही मोठा. नाचणाऱ्यांचे फोटो आपल्याला हवेत, त्यांच्या रजेचा अर्ज मात्र नको. ही लबाडी आहे.

कायदा इथे पोरांच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा 2017 चा कायदा मोठ्या हॉटेलांनाही धरतो. त्यात वर्षाला सणांच्या 8 भरपगारी सुट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. मिळून! प्रत्यक्षात मुख्य कार्यालयातलं कुणीतरी गेल्या वर्षीची यादी उचलतं, तारखा बदलतं आणि सगळ्या शाखांना लावतं. ज्याच्या हातून रोज हजार ताटं धुऊन निघतात त्याला कुणी विचारत नाही.

‘सगळेच होळीला गेले तर धंदा कसा चालायचा?’ मालकाचा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर त्याने पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. कोण कुठल्या गावचा, कोणाची कोणती पाळी, कुठल्या शाखेत माणूस जास्त, हे सगळं त्यात दिसतं. होळीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. निम्मे होळीला, निम्मे दिवाळीला, अशी पाळी लावणं दहा मिनिटांचं काम. वहीतल्या मस्टरवर जे जमणं अवघड होतं ते आता सोपं झालं आहे. तरीही होत नसेल तर मालकाच्या मनातच नाही, असं मी म्हणेन.

दुसरं, घड्याळाचं. सकाळी उशीर झाला की सॉफ्टवेअर आपोआप पैसे कापतं. रात्री शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत, मग फरशी पुसेपर्यंत पोरगा थांबतो, ते तास आपोआप का जमा होत नाहीत? आठवड्याला 48 तासांच्या वरचं काम दुप्पट दराने द्यायचं, हे त्याच कायद्यात आहे. येण्याचं यंत्र तेच, जाण्याचंही तेच. कापायची सोय चालू ठेवायची आणि द्यायची बंद, हे बटण माणूसच दाबतो.

तिसरं, ओळखीचं. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 रोजी याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ओळख मिळाली की हक्क चालत घरी येतील, असं तेव्हा सांगितलं होतं. आज त्याच जिल्ह्यातल्या पोराचा अंगठा सोड्याच्या पाण्याने झिजतो आणि हजेरीच्या यंत्रावर उमटत नाही. आडनाव एका कागदावर वसावे, सरहद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या कागदावर वसावा. तेवढ्या एका मात्रेपायी भविष्यनिर्वाह निधीचे पैसे लटकतात. आधीच्या हॉटेलात निघालेला निधीचा बारा आकडी नंबर, यूएएन, त्याला कुणी लिहून दिलेला नसतो. नवा मालक नवं खातं काढतो, जुने पैसे तिथेच राहतात. पोराची माहिती भरून घेताना हे तपासायला पाच मिनिटं पुरतात.

हॉटेलवाल्यांनी यंदा डिसेंबरात सुट्यांची यादी भरताना मोरीवरच्या दोघांना आणि स्वयंपाकघरातल्या वस्तादाला शेजारी खुर्ची द्यावी. सॉफ्टवेअरचा पडदा मराठीत ठेवावा. हजेरी, कापलेले पैसे आणि जादा तास प्रत्येक कामगाराला स्वतःच्या मोबाइलवर दिसू द्यावेत. आणि त्या चार मोकळ्या जागांपैकी पहिलीत होळी लिहावी.