खुनी ओळखणारे काका

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच. शाळेत दप्तरात लपवून बाबुराव अर्नाळकर वाचलेले, पुढे गुरुनाथ नाईक कोळून प्यायलेले. आपल्याला चकवून जगात एकही खून होऊ शकत नाही, अशी त्यांची खात्री. रहस्यपट लागला की खुर्ची टीव्हीपुढे ओढायची, दहाव्या मिनिटाला ‘माळी!’ म्हणून मागे रेलायचं. थोड्या वेळाने डॉक्टर, मग सेक्रेटरी, मग जुळा भाऊ. शेवटी कोणीही निघो, यादीत त्याचं नाव असतंच. ‘बघा, म्हटलं नव्हतं?’

आमच्या काकांना पुतण्याने ‘व्हर्टिगो’ दाखवला. पुतण्या फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स करून आलेला, त्यामुळे आधी प्रस्तावना झाली. हिचकॉकचा १९५८चा सिनेमा. २०१२ साली ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी ‘सिटिझन केन’ला खाली ओढून याला पहिला नंबर दिला. “आणि आता?” काकांनी विचारलं. २०२२च्या यादीत दुसरा. “घसरलाच ना!”

(ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं. पण साठ वर्षं उलटून गेली. आता रहस्य फोडलं म्हणून रुसण्यात अर्थ नाही.)

सुरुवातीलाच जेम्स स्टुअर्ट उंच इमारतीच्या पन्हळीला लोंबकळतो. त्याला हात द्यायला आलेला पोलिस खाली पडून मरतो. पुढच्या दृश्यात स्टुअर्ट मैत्रिणीच्या घरी निवांत गप्पा मारतोय. “याला खाली कोणी उतरवलं?” काकांनी विचारलं. ते सिनेमात नाहीच, म्हटल्यावर त्यांनी करंगळी दुमडली. हिशेब सुरू झाला.

मग नवऱ्याने बायकोवर पाळत ठेवायला सांगितलेली, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून किम नोव्हाकच्या मोटारीमागे स्टुअर्टची मोटार. बोलणं जवळपास नाहीच. फुलांचं दुकान, दफनभूमी, चित्रांचं संग्रहालय, तिथे हार घातलेल्या एका बाईचं चित्र. काका दफनभूमीपर्यंत जागे होते. हॉटेलच्या खोलीत गेलेली बाई तिथून कुठे गुप्त झाली, हे त्यांनी विचारलं नाही, कारण तेव्हा ते घोरत होते. एरवी प्रश्न रास्त होता; त्याचंही उत्तर सिनेमात नाही.

बाई मनोऱ्यावरून पडली तेव्हा किंकाळीने ते दचकून उठले. काही वेळाने तशीच दिसणारी दुसरी बाई रस्त्यात भेटली, आणि काका ओरडले, “अरे, ही तीच! पडली ती खरी बायको! नवरा सामील आहे!”

तर्क तंतोतंत बरोबर होता. माळी नाही, जुळा भाऊ नाही. पहिल्याच फटक्याला नेम लागला होता. आणि दोन मिनिटांत त्या बाईने टेबलाशी बसून चिठ्ठी लिहायला घेतली, सगळा कट प्रेक्षकांना सांगून टाकला आणि चिठ्ठी फाडली. सिनेमा संपायला अजून अर्धा तास होता.

“आता अर्धा तास मी काय करू?” काकांचा आवाज खरोखर कातर झाला होता.

पुतण्या समजावू लागला : बोआलो आणि नार्सजाक यांच्या मूळ फ्रेंच कादंबरीत गौप्यस्फोट शेवटी आहे. हिचकॉकने तो मुद्दाम अलीकडे आणला. आपल्याला माहीत, नायकाला नाही, म्हणून तर जीव टांगणीला लागतो. मला विचाराल तर सिनेमा खरा रंगतो तो तिथूनच : बिचाऱ्या मुलीचे कपडे, केस सगळं बदलून तिची मेलेली बाई करणारा तो माणूस खुन्याइतकाच भीतिदायक आहे. पण काकांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं. “पुस्तकात शेवटी होतं? मग मला पुस्तक द्यायचंस ना!”

काकू इतका वेळ लसूण सोलत होत्या. आरशापुढे ती मुलगी गळ्यात हार घालायला लागली, तशा त्या म्हणाल्या, “अगंबाई, हा तर त्या चित्रातल्या बाईचा हार!” स्टुअर्टला ते कळायला आणखी काही क्षण लागले. काका काकूंकडे ज्या नजरेने बघत होते, तशी नजर हिचकॉकच्या वाट्यालाही आली नव्हती.

शेवटी अंधारातून एक नन वर येते, मुलगी दचकते आणि पडते. “ही कोण? आधी दाखवायला नको? आणि तो नवरा सुटला तो सुटलाच?” पुतण्याने सांगितलं, एक जादा शेवट चित्रित झाला होता, नवऱ्याचा युरोपात माग लागल्याची बातमी त्यात रेडिओवर येते. मग तो वगळला.

“वगळला?” काका ताडकन उठले. “अरे, कापायला ती मोटारी फिरवलेली अख्खी रीळं होती की!”