रेंज येईपर्यंत

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात कुठलीही नवी वस्तू आली की तिला आधी हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात आणि मग ती चालू होते का ते बघतात. ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो की बोअरची मोटर, रीत हीच. तेव्हा शाळेत स्मार्ट बोर्ड आला तर वेगळं काही होण्याचं कारण नव्हतं. पाहुणे आले, फीत कापली गेली आणि एका उत्साही पालकांनी बोर्डाच्या चौकटीवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

आता या जातीच्या बोर्डाची एक गंमत असते. बोटाचा स्पर्श त्याला कळतो असं आपल्याला वाटतं, पण तसं काही नसतं. चौकटीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे डोळ्यांना न दिसणारे किरण सारखे धावत असतात. ते जिथं अडतील तिथं कुणीतरी बोट ठेवलं असं बोर्ड समजतो. कुंकवानं त्यातले दोन-चार किरण अडवले. बोर्डाच्या हिशेबानं डाव्या कोपऱ्यात कुणीतरी बोट टेकवून उभं होतं आणि हलायचं नाव घेत नव्हतं. पाहुण्यांसमोर सूर्यमाला सुरू केली, तर शनी आपल्या कड्यासकट त्या कोपऱ्याकडे सरकू लागला. आम्ही त्याला ओढून जागेवर आणावा, त्यानं पुन्हा कोपरा गाठावा. पहिल्या रांगेतून कुणीतरी ‘साडेसाती’ असं पुटपुटलं, तेही पाहुण्यांना ऐकू गेलं.

निदान केलं ते मागच्या बाकावरच्या एका पोरानं. त्याच्या वडिलांचं टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘सर, कुंकू पुसा,’ तो म्हणाला. सगळा हॉल गप्प. शुभकार्यात स्वस्तिक पुसायचं कुणी? हेडसर पाहुण्यांकडे बघतात, पाहुणे छताकडे. शेवटी शिपाईमामा पुढं झाले. त्यांनी बोर्डाला रीतसर नमस्कार केला, बोटानं ते कुंकू टिपून घेतलं आणि आपल्याच कपाळाला लावलं. पुसलंही नाही आणि राहिलंही नाही. शनी जागेवर आला.

त्या दिवशी सूर्यमालेबद्दल पोरं काय शिकली ते त्यांनाच ठाऊक. पण किरण अडला की खूण उमटते, एवढं विज्ञान अख्ख्या वर्गाला आयुष्यभर पुरेल इतकं पक्कं झालं. पुढं आठवडाभर सुटीत टाचणी, पेन्सिल, शेंगदाणा, जे हाताला लागेल ते चौकटीला लावून बोर्डाला फसवण्याचे प्रयोग चालले होते. आम्ही ओरडलो, पण मनापासून नाही.

तेव्हापासून माझं एक मत बनत गेलंय. अधिकाऱ्यांसमोर मी ते बोलत नाही. वर्गातलं यंत्र सुरळीत चालतं तेव्हा पोरं बघतात, आणि अडतं तेव्हा शिकतात.

पडद्यावर दिसलं ते सगळं नवं, हाही एक गैरसमजच. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं पडदा आणि बाजूला गोष्ट सांगणारा माणूस. हल्ली प्रशिक्षणात आम्हाला जे ‘मल्टिमीडिया’ म्हणून शिकवतात त्यात याहून जास्त काय असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. नंतर रेडिओ आला. नंतर 1984 साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली आणि दूरदर्शनवर शाळकरी पोरांचे कार्यक्रम दिसू लागले. खेड्यापाड्यांतल्या शाळांना टीव्ही मिळाले. हे टीव्ही लाकडी कपाटात असत, कपाटाला कुलूप असे, चावी हेडमास्तरांकडे असे आणि हेडमास्तर पंचायत समितीत मीटिंगला असत. बालचित्रवाणी 2017 साली बंद झाली. कुलपं काही ठिकाणी अजून आहेत म्हणे.

मग संगणक आले, ते देव्हाऱ्याच्या थाटात. संगणक कक्षाबाहेर चपला काढायच्या, हात धुऊन आत जायचं आणि एका संगणकाभोवती आठ जणांनी बसायचं. कळफलकाला हात लावणारा एकच, बाकीचे सात भक्त. त्यात लोडशेडिंग. भुसावळजवळ दीपनगरला एवढं थोरलं वीज केंद्र, त्याची धुराडी लांबून दिसतात, आणि आमच्या संगणकाच्या तासाला नेमकी वीज नाही. मुलांना मी फळ्यावर खडूनं कळफलक काढून दिला. त्या फळ्यावर बोटं फिरवत टायपिंग शिकलेली काही पोरं आज पुण्यात हिंजवडीला कामाला आहेत. यात माझं श्रेय नाही. वीज मंडळाचं असेल तर असेल.

अडण्याचं एवढं कौतुक मला कुठून आलं, हे परगावच्या माणसाला कळायचं नाही. त्यासाठी आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात यावं लागेल. त्या दिवशी इथं विठ्ठलाचा रथ निघतो. दोर ओढायला शेकडो हात असतात. पण एवढा अवजड लाकडी रथ ओढणं सोपं, थांबवणं आणि वळवणं अवघड. ते काम मोगरीवाल्यांचं. रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी अशी बेतानं लावायची की रथ नेमका थांबावा किंवा हव्या त्या बाजूला वळावा. चालत्या चाकाजवळ हात घालायचा म्हणजे चेष्टा नाही. आणि दर्शन होतं ते रथ थांबला की. आरती, हार, लेकरांना वर उचलून दाखवणं, माहेरवाशिणींच्या गाठीभेटी, सगळं रथ उभा असताना. एकसारखा धावत सुटला असता तर गर्दीला रथ दिसला असता, देव नसता दिसला. शिक्षण खात्याकडं दोर ओढणारे पुष्कळ आहेत. मोगरी कुठं लावायची ते मात्र वर्गात उभ्या असलेल्या माणसालाच बघावं लागतं.

दोर ओढणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम निघाला तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी गावोगाव वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतले, स्वतःच्या पगारातले पैसे घातले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्यासाठी झटले, आणि 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकले. आम्ही स्टाफरूममध्ये बराच वेळ डॉलरचे रुपये करत बसलो होतो.

त्या क्यूआर कोडची आमच्याकडची हकिगत ऐका. माझ्या शेजारच्या पोरानं घरी बहिणाबाईंची कविता उघडली, मोबाइल पुस्तकावर धरला आणि मोबाइलमधून एक गोड, स्वच्छ, शहरी आवाज कविता म्हणू लागला. आजी गवऱ्या रचत होती, ती उठून आली. तिचं माहेर आसोदा, म्हणजे बहिणाबाईंचंच गाव. थोडा वेळ ऐकून म्हणाली, ‘ही बाई कुठची रे भो? आपल्याकडची नाही वाटत.’ नातू म्हणाला, ‘आजी, ती सरकारी आहे.’ आजीला सरकारशी वैर नव्हतं. पण तिनं तिथंच बसून ती कविता आपल्या चालीत म्हणून दाखवली. शब्द दोन ठिकाणी चुकले, ठेका कुठंच चुकला नाही. दुसऱ्या दिवशी पोरानं वर्गात आजीच्या चालीत कविता म्हटली. मी विचारलं, कोडवर अशी चाल आहे? तर म्हणाला, ‘नाही सर, कोड आजीकडे नेला होता.’

खरं तर बहिणाबाईंच्या घरी हे आधीच होऊन गेलेलं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट आईला वाचून दाखवली आणि आईनं रातोरात तिचं गाणं केलं, असं सांगतात. पाठ्यपुस्तक घरी आईपर्यंत पोचलं, आईकडून वहीत उतरलं, आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह सगळ्या महाराष्ट्रासमोर आलं. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात आहे आणि त्या विद्यापीठाचे निकाल ऑनलाइन लागतात. साइट हँग होते तो भाग वेगळा.

आणि आमच्याच जिल्ह्यात राहून गेलेले दुसरे गृहस्थ म्हणजे साने गुरुजी. 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज! आम्हाला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज ‘सुप्रभात’ टाकताना धाप लागते. त्यांचं दैनिक एकाच प्रतीचं, पुढं ढकलायची सोय नाही. वाचायचं तर त्याच्याजवळ जाऊन उभं राहावं लागे, आणि शेजारी दुसरा कुणीतरी वाचत उभा असणारच. आमच्या गटावर निळ्या खुणा उमटतात, पण कोण कुणाशेजारी उभं राहून वाचतंय ते कळत नाही.

कोरोनाच्या वर्षात तर गट हीच शाळा झाली. दूरदर्शनवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची, ती बऱ्यापैकी बघितली जायची, कारण टीव्ही घरातच असतो. मोबाइल मात्र घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशात. वडील एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेले की अभ्यासही दुसऱ्या पाळीला जायचा. रात्री साडेअकराला माझ्या फोनवर त्रिकोण, समीकरणं आणि ‘माझा आवडता प्राणी’ यांचा पाऊस पडायचा. एका फोटोत वहीबरोबर पाइप कंपनीचं हजेरीकार्डही आलं होतं. मी दोन्हींवर ‘छान’ असं उत्तर पाठवलं.

यंत्राचा खरा जोर मात्र मुलांवर नाही, आमच्यावर चालतो. 2016 च्या अखेरीस शासनाचा आदेश निघाला होता की शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवावा, म्हणजे कोण शाळेत येतं ते कळेल. ओरड झाली, आदेश स्थगित झाला. सवय मात्र राहिली. झाड लावलं, फोटो. खिचडी वाटली, फोटो. हात धुतले, फोटो. एकदा गणिताच्या तासाला एक चिमुरडी फळ्यावर उदाहरण सोडवून तशीच खडू धरून उभी राहिली. मी म्हटलं, बस की. तर म्हणाली, ‘सर, फोटो?’

आता नवा पाहुणा आलाय. मोबाइलला विचारलं की तो आख्खा निबंध लिहून देतो, शुद्धलेखनासकट. ‘आमच्या गावचा रथोत्सव’ असा विषय मी दिला आणि वर्गातल्या बऱ्याच वह्यांत एकही चूक नसलेले सारखेच निबंध आले. भाषा एकदम साहित्य संमेलनाची. त्यात एका ठिकाणी वाक्य होतं की रथयात्रेच्या वेळी समुद्रावरून येणारा गार वारा भाविकांचा थकवा दूर करतो. यंत्रानं पिंप्राळ्याला जगन्नाथपुरीच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवलं होतं. जिथं एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी कावळादेखील झाड सोडत नाही, तिथं समुद्र!

रागवायचं ठरवूनच वर्गात गेलो होतो. पण विचार बदलला. एक निबंध बोर्डावर मोठा करून लावला आणि म्हटलं, यात खोटं काय काय आहे ते शोधा. पहिल्या पाच मिनिटांत समुद्र सापडला, हसून हसून बाकं हलली. मग खरी धमाल सुरू झाली. ‘सर, मोगरीवाल्यांचं नावच नाही यात.’ ‘सर, माझे आजोबा मोगरी लावायचे, त्यांचं बोट गेलंय.’ ‘सर, रथ आमच्या घरापुढं थांबतो, तेव्हा आत्या येते, तिनं रडायचं असतं.’ ‘का रडायचं?’ ‘ते माहीत नाही, पण रडते.’ एरवी वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी उठली आणि दोर कुठून आणतात, रथ कुठल्या वळणावर दरवर्षी अडतो, तिथं सगळे एकदम काय ओरडतात, सगळं सांगून खाली बसली. मी बोर्डावर लिहीत गेलो, यंत्राचं वाक्य खोडत गेलो, त्याजागी त्यांचं घालत गेलो. मधेच नेट गेलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तास संपत आला तेव्हा यंत्राचं एकच वाक्य उरलं होतं. मी ते खोडायला हात उचलला, तर मागच्या बाकावरून, पंख्याखालची जागा कधीच न मिळालेल्या पोरांच्या घोळक्यातून आवाज आला,

‘सर, बाकी सगळं खोडा. समुद्र तेवढा राहू द्या.’