असन तं भेटन

गावोगावी एक पत्तेदार असतो. पत्ते पिसणारा नव्हे, सांगणारा. मानोरा तालुक्यातलं इंझोरी त्याला अपवाद असायचं कारण नाही. पाहुण्यानं एसटीतून उतरून 'राठोडांकडं जायचंय' एवढंच म्हटलं, की पानठेल्याच्या बाकावरून उलटतपासणी सुरू: "कोन्ते राठोड? मास्तरवाले का टेलरवाले? त्यायचा मोठा का लहाना?" बंजाऱ्यांच्या पोहरादेवीच्या या तालुक्यात नुसतं 'राठोड' म्हणणं म्हणजे तुरीच्या ढिगापुढे उभं राहून 'तो दाणा द्या' म्हणणं. लोक पत्तेदाराला चोंबडा म्हणतात. पण जावास्क्रिप्टमधला एकात एक कोंबलेला डेटा बाहेर कसा काढावा, हे त्याच्याइतकं कुणाला कळलेलं नाही. ऑनलाइन सातबारा पाहतानाही वाशीम, मानोरा, इंझोरी, मग गट नंबर असंच आत शिरावं लागतं. मधली पायरी गाळून चालत नाही. कोडमध्ये तेच 'वाशीम.मानोरा.इंझोरी.घरे[2].मुले[0].मोबाइल' असं लिहितात. (नावं देवनागरीत चालतात, आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) टिंबापुढे नाव, चौकटी कंसात क्रमांक. पत्तेदार नावावर भिस्त ठेवतो, ते उगाच नाही. यादीतला मधला एक घटक काढला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, आणि कालचं तिसरं घर आज दुसरं होतं. म्हणून जाणता प्रोग्रामर क्रमांक घोकत बसत नाही. 'फाइंड'ला सांगतो, टेलरचं असेल ते घर शोध.

कुणी म्हणेल, पत्तेदार एकपासून मोजतो, जावास्क्रिप्टची यादी, म्हणजे अ‍ॅरे, शून्यापासून. खरंय, पण तळमजल्याला पहिला मजला न म्हणणाऱ्यांनी यावर फार हसू नये. दुसरा आक्षेप वजनदार: यंत्र काटेकोर, हा मोघम. 'घरी असन तं भेटन' हे काय उत्तर झालं? तर हेच चोख उत्तर. नसलेली गोष्ट मागितली तर जावास्क्रिप्ट शांतपणे 'अनडिफाइन्ड' म्हणते. त्या नसलेल्याच्या पोटातलं काही मागितलं की मात्र प्रोग्राम आडवा होतो. १९९५ साली आलेल्या या भाषेत 'असन तं'साठी प्रश्नचिन्ह-टिंब ही खूण यायला २०२० उजाडलं. बाकावर ती कधीचीच होती. नव्या पोरांनी मग ती प्रत्येक टिंबापाशी ठोकली, आणि गावाचं नाव चुकलं तरी कोड हूं की चूं न करता रिकाम्या हातानं परत येऊ लागला. पत्तेदार असं होऊ देत नाही. पोरगा घरी 'असन तं', मोबाइल 'लागन तं', पण कारंज्याच्या राठोडांना शोधत कुणी इथं उतरला, तर त्याला तो बाकापाशीच अडवतो: "हे इंझोरी व्हय, भाऊ. कारंज्याची गाडी तिकून भेटन."