विचाराधीन बाप

सरकारी फायलीवर ‘विचाराधीन’ असा शेरा पडला की जाणकार माणूस मुकाट्यानं घरी जाऊन जेवतो. यंदा काही होत नाही, हे त्याला कळलेलं असतं. हाच शेरा कपाळावर मिरवणारी बापांची एक जात सध्या पुण्याच्या सोसायट्यांमधून जोमात आहे. मूल एक, त्याचं वय दीड-दोन वर्षं, आणि दुसऱ्याचा विचार चालू.

हा बाप ओळखायला सोपा. टीशर्टच्या खांद्यावर वाळलेल्या दुधाचा डाग असतो. रुमाल म्हणून खिशातून जे बाहेर येतं ते लंगोट निघतं. आणि मुख्य म्हणजे तो उभ्या उभ्या डुलतो. कडेवर बाळ असलं तर डुलतोच, पण नसलं तरी डुलतो. लिफ्टमध्ये डुलतो, एटीएमच्या रांगेत डुलतो, साहेबांशी बोलताना डुलतो. त्याच्या मागे उभा असलेला माणूस थोड्या वेळानं नकळत डुलायला लागतो.

‘मग, दुसऱ्याचं काही मनावर घेताय की नाही?’ हा प्रश्न विचारला जातो त्याच्या बायकोला. लग्नात, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीपाशी, जिथे सापडेल तिथे. उत्तर मात्र हा देतो. ‘आम्ही विचार करतोय,’ असं म्हणतो. त्या ‘आम्ही’तला दुसरा माणूस बहुधा त्या वेळी आतल्या खोलीत अंधार करून बाळाला थोपटत असतो.

मागच्या पिढीतला बाप असल्या प्रश्नाला लाजायचा किंवा खेकसायचा. हा यातलं काहीच करत नाही. ‘बसा ना,’ म्हणतो आणि लॅपटॉप घेऊन येतो.

पहिल्याच्या वेळी हे काही नव्हतं. पहिलं बाळ एका पावसाळ्यात बिनफायलीचं आलं. पण आल्या दिवसापासून त्याची नोंद सुरू झाली. कोणत्या बाजूला किती मिनिटं प्यायलं, किती वाजता ढेकर आली, लंगोटाचा रंग पिवळा की हिरवा, सगळं मोबाइलवर. लसीकरणासाठी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘कसं आहे बाळ?’ बायको म्हणाली, ‘छान आहे.’ हा म्हणाला, ‘गेल्या आठवड्यापेक्षा शूचं प्रमाण थोडं घसरलंय.’ डॉक्टरांनी बायकोकडे पाहून विचारलं, ‘आणि हे कसे आहेत?’

या नोंदींतूनच पुढे ती फाईल जन्माला आली. तिचं नाव ‘दुसरं_अंतिम_नवीन_३’. तीत एक पान खर्चाचं, एक शाळेचं. एक पान घराचं, कारण टू बीएचकेतली दुसरी खोली घरून काम करण्यात गेलेली आहे आणि दुसरं मूल झालं तर त्याला गॅलरीत ठेवावं लागेल, असं ते पान सांगतं. ‘आजी-उपलब्धता’ या नावाचंही एक पान आहे. साताऱ्याच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि पुण्याच्या आजीचे गुडघे यांच्या तारखा त्यात अशा मांडल्या आहेत की त्यांतून नऊ महिन्यांची एक फट दिसावी. दिसते. पण नेमकी त्याच काळात याच्या बायकोची बढती आहे.

सगळ्यात मोठं पान अंतराचं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्या. सासूबाई म्हणतात, ‘पाठोपाठ होऊ द्यात, एकाच खर्चात दोन मोठी होतात. कपडे तेच, पुस्तकं तीच, आजारपणंसुद्धा एकदमच.’ याने दोन्ही मतं समोरासमोर लिहून खाली ‘चर्चा आवश्यक’ असा शेरा मारला आहे. चर्चा कोणाशी, ते लिहिलेलं नाही.

आधार म्हणून हा आकडेवारीही वाचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३मध्ये महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी २.९ मुलं होत. २०१९-२१च्या पाहणीत हा आकडा १.७वर आला. हे वाचून दुसरा माणूस काळजी तरी करील किंवा पान उलटील. यानं हिशोब केला. ‘आपलं एक झालं,’ बायकोला म्हणाला, ‘म्हणजे सरासरीनं शून्य पूर्णांक सात बाकी.’ बायको बाळाची नखं कापत होती. ‘ते तुझ्याकडून होईल,’ ती मान वर न करता म्हणाली.

याची खरी पंचाईत अशी की सगळ्या यंत्रणा तिसऱ्याबद्दल बोलतात आणि दुसऱ्यापाशी येऊन गप्प बसतात. २०१७च्या दुरुस्तीनं प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे केली, तिसऱ्यापासून १२. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं झालं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे तिसरं नको, हे स्वच्छ. पण दुसरं हवं की नको यावर कायदा ताकास तूर लागू देत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी प्राध्यापकी गमावली. पण त्यांच्या काळी लोकांना कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. याला निघायचं की नाही तेच कळत नाही. बापाला रजा मिळते का, हेही त्यानं पाहिलं. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. याच्या कंपनीनं पाच दिले होते. त्यांतले दोन जन्मदाखल्याच्या रांगेत गेले आणि एक पेढे वाटण्यात.

या घोळात ठाम मत असलेली एकच व्यक्ती घरात येऊन गेली. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई. पहिले तीन-चार महिने रोज सकाळी त्या यायच्या, पाटावर पाय लांब करून बसायच्या, पोटऱ्यांवर बाळ पालथं घ्यायच्या. आधी खोबरेल तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग तांब्यामागून तांब्या कढत पाणी. बाळ जीव खाऊन रडायचं आणि हा बाथरूमच्या दारात तापमापी घेऊन उभा असायचा. बाई पाण्यात कोपर बुडवायच्या आणि म्हणायच्या, ‘तो काटा बाहीर ठेवा, साहेब. बाळाला ताप न्हाई आलेला.’ नाकात-कानात तेल घालायचं नाही, काजळ नाही, धुरी नाही, सहा महिने गुटी नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हा रोज त्याची यादी वाचून दाखवायचा. बाई सगळं ऐकून घ्यायच्या. मग बाळाच्या आईला म्हणायच्या, ‘ताई, ह्यांना पण तेल लावून झोपवा घटकाभर.’

बाळ दुपट्यात करकचून गुंडाळलं गेलं की दोन-तीन तास हूं की चूं नाही. अशा वेळी चहा पिता पिता बाई दुसऱ्याचा विषय काढायच्या. बाळ तेव्हा महिन्याचंसुद्धा नव्हतं. आई उशीला टेकून, तोंडातला डिंकाचा लाडू चावायचा की गिळायचा हे विसरून, उघड्या डोळ्यांनी झोपलेली असायची. ‘लई लांबवू नका,’ बाई सांगायच्या. ‘दुसऱ्याला मी रोजचे पन्नास कमी घेईन.’ आईच्या डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही. यानं मात्र ती सवलत फाईलमध्ये नोंदवून ठेवली.

निकालाची वाट बघत घराचा माळा भरून गेला आहे. पाळणा, बाबागाडी, बाटल्या उकळायचं यंत्र, तीन महिन्यांत तोकडी झालेली टोपडी, बारशाला आलेली कुंची, आणि सेल संपेल या भीतीनं घेतलेली डायपरांची दोन पाकिटं, जी पोहोचेपर्यंत बाळ पुढच्या मापात गेलं होतं. बायको म्हणते, ‘कोणाला तरी देऊन टाकू, उपयोग तरी होईल.’ हा म्हणतो, ‘असू दे. लागलं तर?’ बाबागाडी विकायला काढायची म्हणून त्यानं तिचे फोटोही काढले. मग तेच फोटो पाहून त्याला बाळाचे लहानपणाचे दिवस आठवले आणि बाबागाडी परत माळ्यावर गेली. दिवाळीची साफसफाई गेल्या वर्षीपासून माळा सोडून होते.

एरवी स्वतःचा विषय निघाला की हा हळवा होतो. कारण हा स्वतः एकुलता एक. भिंतीवर चेंडू मारत एकट्यानं क्रिकेट खेळलेला. दोन्ही संघ हाच, अंपायरही हाच, आणि तरी भांडणं व्हायची. ‘एकाला दुसरं हवंच’ या मुद्द्यासमोर फाईलमध्ये पुरावा म्हणून त्यानं स्वतःचं नाव टाकलं आहे. तुम्ही एकावरच का थांबलात, असं कोणी विचारलं तर त्याचे बाबा छाती पुढे काढून एकच वाक्य बोलतात, ‘आम्ही देशाचा विचार केला.’ १९५२पासून सरकार कुटुंब नियोजन सांगत होतं, दवाखान्यांच्या भिंतींवर लाल त्रिकोण होता, ‘हम दो, हमारे दो’ होतं. सरकारनं दोन सांगितली, आम्ही एकावर भागवलं, असं ते म्हणतात. पाहुणे भारावतात. याची आई त्या वेळी बशा उचलून स्वयंपाकघरात जाते. या आजीनं दुसऱ्याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही. सकाळी सुनेला एवढंच विचारते, ‘झोप झाली का गं?’

असं तळ्यात-मळ्यात वर्षभर चालल्यावर प्रत्यक्ष प्रयोगाची संधी आली. मेहुणीला आणि तिच्या नवऱ्याला एका रिसेप्शनला जायचं होतं. त्यांचं बाळ तीन महिन्यांचं. ‘आमच्याकडे ठेवा,’ यानं उत्साहानं सांगितलं. ‘आम्हालाही अंदाज येईल.’

‘उत्तम,’ बायको म्हणाली. ‘मग मी मैत्रिणीकडे जाऊन येते. अंदाज तुला घ्यायचा आहे.’

पहिली दहा मिनिटं छान गेली. धाकटं झोपलेलं, थोरलं त्याला लांबून न्याहाळत होतं. मग थोरल्यानं जवळ जाऊन धाकट्याच्या डोळ्यात बोट घालून तो खरा आहे का ते पाहिलं. धाकटं किंचाळलं. ते किंचाळलं म्हणून थोरलं घाबरून रडलं, आणि थोरलं रडलं म्हणून धाकट्यानं वरची पट्टी घेतली. हा डबा उघडून पावडर मोजू लागला, ३० मिलिलिटर पाण्याला सपाट एक चमचा. तिसऱ्या चमच्याला थोरलं म्हणालं, ‘बाबा, शी.’ ही सूचना नव्हती, बातमी होती. धाकटं सोफ्यावर ठेवावं तर पडेल, थोरल्याला न्यावं तर धाकटं एकटं, आणि आतापर्यंत किती चमचे झाले ते आठवेना. आई समोर मालिका पाहत बसली होती. ‘आई!’ यानं आर्त हाक मारली. ‘मी आहे रे इथेच,’ आई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवला.

पुढे धाकट्यानं प्यायलेलं याच्या पाठीवर काढलं. थोरल्यानं धाकट्याची बाटली तोंडात घातली आणि परत द्यायला नकार दिला. मोठ्याला डुलवायचा ठेका वेगळा, लहान्याला डुलवायचा वेगळा. दोन खांद्यांवर दोघं घेऊन हा दोन ठेक्यांच्या मध्ये अडकला. ‘बाल घली जाऊ दे,’ थोरलं कानाशी पुन्हा पुन्हा सांगत होतं. दुसऱ्याविषयीच्या एवढ्या मोठ्या फाईलमध्ये पहिल्याचं मत घ्यायचं राहूनच गेलं होतं.

बायको परतली तेव्हा दोन्ही मुलं त्याच्या खांद्यांवर झोपली होती आणि हा दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता. बसला तर उठतील, म्हणून तो तासभर बसला नव्हता. तिनं दोघांना अलगद उतरवून घेतलं. मेहुणी येऊन आपलं बाळ घेऊन गेली. मग बायकोनं लॅपटॉप ओढला आणि ती फाईल पहिल्यांदाच उघडली. सगळी पानं शांतपणे पाहिली. शेवटी एक नवा रकाना घातला आणि वर लिहिलं, ‘रात्री अडीचला कोण उठणार.’

यानं वाकून टाइप केलं, ‘दोघंही.’

तिनं ते खोडलं. ‘एकाचं नाव लिही. दोघं म्हटलं की मीच उठते.’

हा विचारात पडला. विचारात पडणं हा त्याच्या हातचा मळ, पण या वेळी घाम आला. आपलं नाव लिहावं तर सोमवारी सकाळची मीटिंग, तिचं लिहावं तर ती समोरच बसलेली. बऱ्याच वेळानं त्यानं एक अक्षर उमटवलं, मग दुसरं, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. ‘आई?’

मालिका संपली होती. आतल्या खोलीतून बाबांचं घोरणं ऐकू येत होतं. आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली, चष्मा लावून पडद्याजवळ आली आणि रकाना वाचला.

‘माझं नाव खोड,’ ती म्हणाली. ‘तुझं लिही.’

‘अगं, पण आई...’

‘तुझ्या बाबांना मीही हेच विचारलं होतं,’ आई म्हणाली. ‘रात्रभर विचार केला त्यांनी. सकाळी म्हणाले, आपण देशाचा विचार करू.’