अर्ध्या ग्रंथपालाची विलायत

माध्यमिक शाळेच्या पटावर हजाराच्या वर पोरं असली की सरकारी हिशेबाने तिथे एक अख्खा ग्रंथपाल उगवतो. पाचशेच्या वर पण हजाराच्या आत असली तर अर्धा. मी अर्धा आहे. जामसरच्या बाजूला असलेल्या आमच्या शाळेने हजाराचा आकडा कधी पाहिलेला नाही. त्यामुळे नेमणुकीच्या पत्रात ‘अर्धवेळ’ आलं आणि पगार त्याला आजतागायत जागला. काम तेवढं जागलं नाही. अर्धा दिवस मी ग्रंथपाल असतो; उरलेल्या अर्ध्या दिवसात शाळा मला पूर्णवेळ वापरते. पोषण आहाराचा तांदूळ मोजा, यूडायसचे रकाने भरा, रजेवरच्या सरांचा वर्ग गप्प बसवा, साहेब येणार असले की जव्हारहून बरी बिस्किटं आणा.

ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं, एक टेबल आणि प्रयोगशाळेत जागा नाही म्हणून माझ्याकडे ठेवलेला हाडांचा सापळा. आमच्याकडचा पाऊस असा की आषाढात पुस्तकं फुगतात आणि कपाटाचं दार लागत नाही, श्रावणात ती बुरशीने हिरवी होतात आणि दार उघडायची इच्छा होत नाही. उरलंसुरलं कसर आणि उंदीर वाचतात. ते नियमित वाचक आहेत.

अशा स्थितीत ‘परदेशात शालेय ग्रंथपाल पाहिजे, व्हिसा स्पॉन्सरशिपसह’ हा निरोप फोनवर आला. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून माझ्याबरोबर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात आणि १२ ऑगस्टला रंगनाथनांचा फोटो एवढीच वर्दळ असते. निरोप वाचला आणि रात्रभर मला रंगनाथन दिसले. मद्रासला गणित शिकवणारा हा माणूस १९२४ साली विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. रिकाम्या खोलीत बसून इतका कंटाळला की मला परत गणित शिकवू द्या म्हणून मागे लागला. तर त्याला लंडनला धाडलं. तिथून परतला तो भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा बाप होऊनच. कंटाळा हीच जर पात्रता असेल, तर माझ्या तोडीचा उमेदवार पालघर जिल्ह्यात मिळणार नाही, अशी माझी खात्री पटली.

त्याच्याही आधी, १९१० मध्ये, सयाजीराव महाराजांनी बडोद्यातली ग्रंथालयं मार्गी लावायला अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवला होता. म्हणजे परदेशी ग्रंथपाल मागवण्याची चाल आपलीच. तेव्हा स्पॉन्सर खुद्द महाराज होते. जव्हारलाही मुकण्यांचं संस्थान होतं, जयविलास राजवाडा अजून आहे. पण आता तो पर्यटकांनी पाहायचा, अर्ज द्यायला तिथे कोणी नाही.

मग मी जगाचा नकाशा घेऊन बसलो. अमेरिकेत शाळेच्या ग्रंथपालाला बहुतेक राज्यांत शिकवण्याचा परवाना लागतो. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी बसवली गेली. तेवढ्या पैशात आमच्या तालुक्यातल्या पाड्यापाड्यावर कपाट भरून पुस्तकं जातील आणि ती वाचायला अमेरिकेहून माणूस बोलवावा लागणार नाही. ऑस्ट्रेलियात ‘टीचर लायब्रेरियन’ हवा, म्हणजे आधी शिक्षक. आखातातल्या भारतीय शाळांना सीबीएसईचा अनुभव हवा. माझा अनुभव उंदरांचा. राहिलं इंग्लंड. तिथली एक गंमत कळली : कायद्याने तुरुंगात ग्रंथालय असावंच लागतं, शाळेत असावं अशी सक्ती नाही. मी हे घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, “अहो, मग शाळेत कशाला अर्ज करता? एजंटच्या नादी लागला आहात तसेच लागा, तुरुंगाचं आपोआप जमेल.”

एजंटचं तिला कळलं होतं तर.

त्याचं ऑफिस मोठ्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. भिंतीवर बिग बेन आणि त्याशेजारी तिरुपती बालाजी. “सर, आधी फाइल ओपन करू,” तो म्हणाला. त्याचे पैसे घेतले आणि खरोखरच एक पिवळी फाइल काढून माझ्यासमोर उघडली. मग आतून ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ काढलं : सोनेरी महिरप, मध्ये मुकुट, खाली तीन सह्या. शाळेचा पत्ता ‘मँचेस्टर, लंडन’. म्हणजे आपल्याकडे ‘मोखाडा, पुणे’ म्हणावं तसं. कोणीही शहाणा माणूस तिथेच उठला असता. मी ग्रंथपाल. समोर छापील मजकूर आला की मला आधी मुद्रणदोष दिसतात. मी खिशातलं तांबडं पेन काढलं आणि स्पेलिंग दुरुस्त करत गेलो. ‘रिक्वायर्ड’मध्ये एक अक्षर कमी होतं, ‘लायब्रेरियन’मध्ये एक जास्त. एका लांबलचक वाक्यात श्वास घ्यायला जागा नव्हती, तिथे अर्धविराम घातला. एजंट भारावून बघत होता. “सर, तुमचं इंग्लिश तर यूके लेव्हलचं आहे!” म्हणाला, आणि कागद नीट ठेवून दिला. मी तरंगतच एसटीत बसलो.

ब्रिटनमध्ये ही स्पॉन्सरशिप म्हणजे कागद नसतोच, सरकारी संगणकातला एक क्रमांक असतो. आणि २०२४ संपता संपता तिथे नियमही झाला, की तिचा खर्च कामगाराच्या माथी मारायचा नाही. हे सगळं ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट लिहिलेलं आहे. पण वाचणं हा ज्याचा धंदा, तो स्वतःसाठी शेवटी वाचतो.

हे मला कळलं ते एका म्हाताऱ्या बाबांमुळे. त्यासाठी आमच्याकडची रीत सांगायला हवी. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की पाडे रिकामे व्हायला लागतात. भिवंडी, वसई, वाडा, तिकडच्या वीटभट्ट्यांवर घरंच्या घरं निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आईबापांबरोबर पोरं जातात, पोरांबरोबर माझी पुस्तकं. माझ्या देवघेव वहीत ‘परत’च्या रकान्यात कुठे कुठे तारखेच्या जागी ‘भट्टी’ असं लिहिलेलं आहे. एक इसापनीती उन्हाळ्यात तिकडून आली ती पानापानांतून तांबडी माती गाळत. कामासाठी गाव सोडणं ही जामसरकडे बातमी नव्हे. चष्मेवाला सर चाललाय, ही बातमी.

बाबा पारावर बसले होते. आमच्याकडे सरांनाही ‘तू’ म्हणतात, त्यात मान कमी होत नाही.

“सर, तू चाललास म्हणे. तुझा शेठ बयाणा किती देतो?”

भट्टीचा मालक कामाला बोलावतो तो आधी हातावर उचल ठेवतो, तोच बयाणा; मग आठवड्याला खावटी. या उचलीपायी माणसं कशी अडकून पडतात तेही आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हिशेब सरळ असतो.

“बयाणा नाही बाबा. उलट मीच दिले पैसे.”

बाबांनी विडी विझवली. “शेठला तू दिलेस?”

“शेठला नाही, मुकादमाला.”

“शेठ पाहिलास?”

“नाही.”

“टेम्पो येणार न्यायला?”

“विमान. त्याचेही मीच द्यायचे.”

बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग शेजाऱ्याला म्हणाले, “शिकलेला आहे.” त्यात कौतुक नव्हतं.

त्या रात्री मी वाचलं. स्पॉन्सर परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करतं. नावं लाखाच्या पुढे. हॉटेलं, वृद्धाश्रम, क्लब, मठ, शाळा सगळं आद्याक्षरांनुसार एकत्र. विषयवार काहीच नाही! माझ्यातला ग्रंथपाल खवळला. पिवळ्या फाइलवर पाणी सोडून मी त्या यादीतल्या शाळा वेगळ्या काढायला बसलो, आणि ज्या शाळेने ग्रंथपालाची जाहिरात दिलेली दिसली तिला सरळ लिहीत सुटलो. अर्जात दोन कपाटांचं ‘कलेक्शन’ झालं. सापळ्याचा उल्लेख ‘आंतरविद्याशाखीय साधनं’ असा केला. ‘कोणती संगणकीय प्रणाली वापरता?’ या प्रश्नाला ई-ग्रंथालयाचं नाव लिहिलं. तिच्या प्रशिक्षणाला मी खरोखर गेलो होतो, जेवण चांगलं होतं.

आणि एका शाळेने मुलाखतीला बोलावलं.

तिकडे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्याच्या त्यांच्या घड्याळाप्रमाणे इकडे दुपारचे अडीच. महिना जुलै. शाळेत व्हिडिओ चालेल अशी रेंज एकाच ठिकाणी येते, पाण्याच्या टाकीखाली. लग्नातला कोट घालून मी तिथे स्टुलावर बसलो. शाळेचे शिपाई मामा मागे छत्री धरून उभे. त्यांना बजावलं होतं की कॅमेऱ्यात यायचं नाही, म्हणून ते छत्री लांब धरून स्वतः वाकले होते आणि पाण्याची सगळी धार माझ्या कॉलरमध्ये येत होती. पडद्यावर दोन बाई आणि एक साहेब. कोरडे.

“वाचनाची आवड नसलेल्या मुलांसाठी तुम्ही काय करता?” थोरल्या बाईंनी विचारलं. हा प्रश्न येणार हे ठरलेलंच होतं. मी रंगनाथनांचे १९३१चे पाच नियम इंग्रजीत पाठ केले होते. ‘पुस्तकं वापरण्यासाठी आहेत’ इथवर आलो, तेवढ्यात सातवीतली एक पोरगी टाकीखाली घुसली आणि एक पुस्तक माझ्या नाकाखाली धरून म्हणाली, “सर, याचं शेवटचं पान कुठं आहे?”

मामांनी तिला छत्रीनेच हाकललं, त्यामुळे छत्री गेली. बाई म्हणाल्या, “ती काय विचारतेय?”

आता पाठ केलेलं सगळं वाहून गेलं होतं. मी खरं ते सांगितलं. राजपुत्राच्या गोष्टीचं ते पुस्तक आहे, शेवटची पानं उंदरांनी नेली, नवीन प्रत यायला पैसे नाहीत. मग पोरांना शेवट मी तोंडी सांगतो.

“तुम्हाला आठवतो शेवट?”

“नाही. पुस्तक माझ्या हाती आलं तेच असं.”

“मग?”

“घंटा व्हायला वेळ असेल तर राजपुत्र राक्षसाला मारतो. वेळ नसेल तर राक्षस आपणहून मरतो. पोरगी रडायला लागली तर राक्षस सुधारतो. आणि शनिवारी अर्धी शाळा असली की राजपुत्र घरीच परत येतो.”

साहेब हसून हसून खुर्चीतून दिसेनासे झाले. भानगड मी पुढेही सांगितली. पोरं आपसात शेवट ताडून बघतात, भावाचा शेवट वेगळा निघाला की भांडतात आणि निकालासाठी पुस्तक पुन्हा घेऊन जातात. आमच्या ग्रंथालयात सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक तेच आहे. धाकट्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मुलाखत संपली तेव्हा मामा म्हणाले, “सर, झालं तुमचं. फक्त कोट वाळवा.”

पत्र ऑगस्टात आलं, आणि फार प्रेमळ होतं. तुम्ही आम्हाला फार आवडलात, पण. त्या शाळेला परवाना मिळाला होता तो गणिताचा शिक्षक आणायला. शिक्षकांची पगाराची अट त्यांच्या राष्ट्रीय वेतनश्रेणीशी बांधलेली आहे. ग्रंथपालाला ती सवलत नाही. त्याला बाहेरून आणायचं तर वर्षाला निदान ठरावीक पगार द्यावाच लागतो : एप्रिल २०२४ पासून ३८,७०० पौंड आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड. शाळा देऊ करत होती त्याच्या कितीतरी खाली, कारण तिथेही शाळेचा ग्रंथपाल बहुधा फक्त सत्रापुरता असतो, सुट्ट्यांचा पगार कापून. थोडक्यात, अर्धवेळ! सात हजार किलोमीटर पलीकडेही आमची जात तीच निघाली.

पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. रुपयात पंचेचाळीस लाखांच्या पुढे. आजवर कुठल्याही सरकारने मला एवढं मोलाचं ठरवलं नव्हतं. आमच्या सरकारने पोरं मोजून मला अर्धा केलं. त्या सरकारने पगार मोजून सांगितलं की हा माणूस एवढ्या स्वस्तात मिळताच कामा नये, म्हणून तो मिळणारच नाही. मी घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बायको म्हणाली, “रंगनाथन आधी गणित शिकवत होते ना? तुम्हाला बारावीत गणितात किती होते?” काही प्रश्न संसारात विचारायचे नसतात.

प्रकरण इथे मिटायला हवं होतं. परवा मोखाड्याकडचा आमचा एक माजी विद्यार्थी आला, हॉटेलात काम करतो. पिशवीतून जपून एक कागद काढला. सोनेरी महिरप, मध्ये मुकुट, खाली तीन सह्या. पद ‘स्टोअरकीपर’.

“सर, आधी दुसऱ्या एजंटकडे गेलो होतो, त्याच्या कागदावर स्पेलिंग चुकलेलं होतं. म्हटलं, हा फसवतोय. याचं इंग्लिश बघा, एक चूक नाही.”

मी बघितलं. ‘रिक्वायर्ड’ बरोबर होतं. माझा अर्धविराम जागच्या जागी होता. पत्ता ‘मँचेस्टर, लंडन’. भूगोल मी तपासलाच नव्हता.

परदेशी कामाला पाठवणारा एजंट आपल्या सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, त्याला तीस हजार आणि वर जीएसटी याहून जास्त घेता येत नाही, हे मी त्याला समजावू लागलो. पोराला ते पटेना. कागदावरचं इंग्रजी माझ्या बोलण्यापेक्षा चांगलं होतं. शेवटी त्याला टाकीखाली नेलं, स्पीकरवर फोन लावायला लावला आणि बाबांचा प्रश्न विचारायला सांगितला.

“साहेब, बयाणा किती देणार?”

“काय?”

“बयाणा. मी कामाला येतोय ना, उचल किती देणार?”

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एजंट म्हणाला, “हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय, तुमच्याकडे रेंज नाही,” आणि फोन बंद झाला.

पोराने फोन माझ्यापुढे धरला. चारही दांड्या भरलेल्या होत्या.