टाकीकर

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास मराठी माणसांच्या प्रत्येक गोतावळ्यात एक टाकीकर असतोच. पत्रिकेतलं आडनाव जोशी असो वा जाधव, तळघरात ३०० गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी बसली की माणूस टाकीकर झाला. त्याच्याकडे जेवायला गेलं की भूक आवरून आधी जिना उतरावा लागतो. खाली निळ्या उजेडात प्रवाळं झुलत असतात, अ‍ॅनिमोनच्या मिठीत दोन क्लाउनफिश लोळत असतात. त्यातली मोठी ती मादी, आणि ती गेली तर नराचीच मादी होते, ही माहिती टाकीकर बायकोसमोर सांगतो. वहिनी म्हणतात, "निदान तोवर तरी ती म्हणेल तसं चालतं." मुलगी कितवीत आहे हे टाकीकराला आठवावं लागतं; पाण्यातलं कॅल्शियम मात्र तोंडपाठ, ४२०.

हे सगळं पुण्यात जमलं नसतं. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ मालवणातच बरं.

टाकीकर खरा कळतो तो घर बदलताना. वहिनींनी शाळा बघून घर पसंत केलं आणि त्याला तळघरच नाही. टाकी भरली की नुसतं पाणीच साडेअकराशे किलोंच्या वर. लाकडी जमिनीवर एवढा समुद्र ठेवायला टाकीकराचीही छाती होईना. मोठी टाकी विकायची आणि प्रवाळांसाठी "अगदी छोटी, ७५ गॅलनची" टाकी घ्यायची, असं ठरलं. वहिनींना हा आकडा हप्त्याहप्त्याने कळला.

सामान हलवणारे पियानो उचलतात. मत्स्यालय म्हटलं की ऐकू येत नाही म्हणतात. मग मराठी मंडळाचे सहा सॉफ्टवेअरवाले मिसळीच्या बोलीवर आले. कचऱ्याचे नवेकोरे पिंप, त्यांत टाकीचंच पाणी, प्रत्येकात हीटर आणि हवेचा पंप. एकजण जाळी घेऊन उत्साहाने मासे धरायला धावला. सगळे दगड बाहेर निघेपर्यंत एकही मासा हाती लागत नाही, हे टाकीकराने त्याला सांगितलं. पण ते त्याची बाही खांद्यापर्यंत भिजल्यावर. दुसऱ्याने दगड उकळत्या पाण्याने धुवायची तयारी दाखवली. टाकीकर किंचाळलाच. दगडांवर वाढणाऱ्या, प्रवाळांच्या भाऊबंद अशा काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि त्याची वाफ माणसाला इस्पितळात पोचवते. तळची जुनी वाळू उपसल्यावर सडक्या अंड्यांचा असा भपकारा सुटला, की मिसळीचा विषय तासभर कुणी काढला नाही. मग रिकामी टाकी, तरी पावणेतीनशे किलोंची. काचेला रबरी पकडी लावून सहाजणांनी उचलली. सहाच्या सहाजणांकडे ती दारातून कशी न्यायची याची योजना होती, आणि प्रत्येकजण आपल्या योजनेप्रमाणे चालत होता.

टाकी नव्या घरी पोचली. विकायला काढली तर गिऱ्हाईक फोटोवर खूश होई आणि वजन ऐकून आभार मानी. फुकटही कुणी नेईना. काचेवरचा गुलाबी थर टाकीकराने व्हिनेगरने घासून काढला आणि वहिनींना म्हणाला, "आता तू सांगशील ते करू हिचं." गणपतीचं मखर करायची सूचना आली, पण पुढची काच मूर्तीच्या आणि आरतीच्या मध्ये येत होती. शेवटी वहिनींनी त्यात कढीपत्त्याच्या कुंड्या ठेवल्या. जर्सीच्या थंडीत कढीपत्ता जगवणं म्हणजे काय ते तिथल्या मराठी बाईलाच विचारावं. पहिल्या हिवाळ्यात मंडळाच्या निम्म्या कुंड्या तिथे मुक्कामाला आल्या.

वहिनींना वाटलं, छंद मार्गी लागला. आठवड्याभरात काचेला आर्द्रतामापक चिकटला. मग जुना कंट्रोलर जोडला गेला. मग मातीचा सामू मोजायच्या पट्ट्या आल्या. हल्ली जेवायला गेलं की जिना उतरावा लागत नाही, टाकी दिवाणखान्यातच आहे; पण उभं तेवढंच राहावं लागतं.

परवा कढीच्या फोडणीसाठी वहिनी दोन पानं खुडायला गेल्या, तर टाकीकर आडवा आला. "आज नको. कालच खत दिलंय, त्याला जरा स्थिरावू दे." वहिनींनी गॅस बंद केला आणि कढीपत्त्याची जुडी आणायला देशी दुकानात गेल्या.