किल्ली सरांकडे आहे

आपल्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही; पुस्तक मात्र बायजीपुऱ्याच्या गल्लीत येऊन पोचलं. त्यासाठी ना ठराव झाला, ना निविदा निघाली. जानेवारी २०२१ मध्ये, कोरोनाने शाळांना टाळं लावलेलं असताना, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने घरातली पुस्तकं मोहल्ल्यातल्या पोरांसाठी खुली केली. वडील पुस्तकविक्रेते, त्यांच्या 'रीड अँड लीड फाउंडेशन'ची साथ मिळाली आणि शहरात अशी मोहल्ला बालवाचनालयं तीसच्या वर गेली.

ज्या घरात मोबाइल एक आणि पोरं तीन, तिथे ऑनलाइन शाळा किती भरली हे सांगायला नको. अशा घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद येतो तो बहुधा वडापावखालचा. पोरगं तोही वाचतं, पण गोष्ट नेमकी तेलाच्या डागाशी संपते. मोठ्या वाचनालयात जावं तर अनामत, वर्गणी आणि जाण्या-येण्याची रिक्षा. गल्लीतल्या वाचनालयाला चपला घालूनही जावं लागत नाही. दहा वर्षांच्या मुलीला एकटीला मोठा रस्ता ओलांडू देणार नाही ती आई शेजारच्या दारापर्यंत बिनघोर सोडते. संशोधन वगैरे राहू द्या, सगळा मामला एवढाच आहे.

शाळेत ग्रंथालय नसतं का? असतं की! लोखंडी कपाट, त्याला कुलूप आणि किल्ली सरांकडे. सर मतदारयादीच्या कामावर. बरं, त्यांना तरी किती बोलायचं? पुस्तक हरवलं तर भरपाई त्यांच्याच गळ्यात. त्यामुळे पुस्तक न देणं हाच सुरक्षित उपाय. तपासणीच्या दिवशी सगळी पुस्तकं जागेवर, पानंही कोरी करकरीत. शेरा : समाधानकारक.

आता मायबाप सरकार. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये केला, पण त्यात ग्रंथालय उपकर ठेवला नाही. शेजारच्या कर्नाटकात तो मालमत्ता कराबरोबर वसूल होतो. आपण अनुदानावर भागवतो. २०२२ मध्ये ते ६० टक्के वाढवलं, हे मान्य. पण त्या वाढीनंतरही सरकारी प्रतवारीत सर्वांत खालच्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाच्या वाट्याला वर्षाला ४८ हजार रुपयेच आले. त्यातले निम्मे पगाराला, म्हणजे महिन्याला दोन हजार. निराला बाजारात चौघं जेवून उठली तरी बिल एवढं होतं. या पैशांत माणसाने वाचनालय उघडायचं, झाडायचं, नोंदी ठेवायच्या आणि वर मुलांमध्ये वाचनाची गोडीही निर्माण करायची!

'वाचन प्रेरणा दिन' मात्र आपण १५ ऑक्टोबरला न चुकता साजरा करतो. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतो. पाहुणे ते गाडीत विसरतात.

दिवाळीची साफसफाई निघेल तेव्हा घरातली वाचण्याजोगी बालपुस्तकं, 'किशोर' मासिकाचे धड असलेले अंक रद्दीवाल्याआधी जवळच्या वस्तीतल्या वाचनालयात नेऊन द्या. पण मुलाची इंजिनिअरिंगची जुनी गाइडं त्यात खपवू नका. गरिबाच्या पोराला पुस्तक हवं असतं, तुमच्या माळ्यावरची अडगळ नव्हे.